घरी पाठवलंय

माझं चुकलं ते एका वाक्यात. मिरजेला फोन करून मी माझ्या थोरल्या नणंदेला, आक्कांना, सांगितलं, "नंदनला हॉस्पिटलनं घरी पाठवलंय. आता घरीच सलाईन लावणार."

कॅनडात, आमच्या हॅमिल्टनमध्ये, या वाक्याचा अर्थ असा, की तब्येत सुधारतेय, आता खाट अडवून बसू नका, उरलेलं औषध घरच्या सोफ्यावर घ्या. मिरजेत त्याचा अर्थ, डॉक्टरांनी हात टेकले, कुणाकुणाला बोलवायचं ते बोलावून घ्या. इतकी वर्षं इथं काढल्यावर मी ते साफ विसरले होते. पलीकडून आक्का फक्त "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, बाईंनी किती शांतपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्यांचा मेसेज आला, आक्कांचं तिकीट काढलंय, टोरांटोला घ्यायला या. खुलासा करायला फोन केला, तर त्या निघाल्याही होत्या.

माझ्या नवऱ्याच्या, नंदनच्या, पायाच्या हाडात इन्फेक्शन झालं होतं. डायबेटिस, एक क्षुल्लक जखम, आणि रिटायर्ड इंजिनिअरचा 'होईल आपोआप बरं' हा आत्मविश्वास. दंडात एक बारीक नळी बसवली होती, आणि फार्मसीवाले दर आठवड्याला थंड डब्यातून औषधाचे फुगे आणून देत. खरोखरच फुगे. बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढी प्लास्टिकची बाटली, तिच्यात औषधानं भरलेला फुगा. तो नळीला जोडून कमरेच्या पिशवीत ठेवायचा, की दिवसभर हळूहळू आकसत तो औषध आत सोडत राहतो. स्टँड नाही, बाटली टांगणं नाही. माणूस घरभर हिंडू शकतो, आणि नंदन हिंडत होता, मुख्यतः फ्रीजच्या दिशेनं.

आता आक्कांविषयी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा नंदनला वाढवलं ते आक्कांनी. पुढे नातेवाइकांतली बाळंतपणं, आजारपणं, दहावे-बारावे, सगळीकडे आक्का पुढे. पण काम नसेल तिथे त्या कधी जायच्या नाहीत. आमच्या मुलीच्या, ईशिताच्या, लग्नाला दहा वर्षांचा व्हिसा काढून ऐनवेळी आल्या नाहीत. "सगळं हॉटेलवाले करणार, मग मी तिथे काय करू?" नंदन वर्षानुवर्षं बोलावत होता. दरवेळी तेच उत्तर. बहिणीनं एकदा आपल्या घरी येऊन राहावं, एवढीच या माणसाची इच्छा होती, आणि ती पुरी व्हायला त्याला मरणाच्या दारात जावं लागणार अशी चिन्हं होती.

एअरपोर्टवर आक्का व्हीलचेअरवर बसलेल्या नव्हत्या. मदतनीस मुलीला मागे टाकून स्वतः ट्रॉली ढकलत आल्या. समोर नंदन बर्फातला जाड पार्का कोट घालून उभा, हातात कॉफी.

"तू कसा आलास?"

"गाडीनं."

त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. डोळे भरून आले होते, ते पुसले, आणि मग चेहरा कडक झाला. "धडधाकट दिसतोस की. परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळतं का रे?"

पार्किंगपर्यंत जाता जाता नंदन लंगडायला लागला.

घरी पोचेपर्यंत तर त्याचा आवाजही खोल गेला होता. मी आरशातून डोळे वटारले, त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. रात्री आक्कांची बॅग लावताना कपड्यांच्या तळाशी मला गंगेचा सीलबंद गडू दिसला. माझ्या हातातून तो घेऊन आक्कांनी पुन्हा तळाशी सारला. त्यानंतर त्या सोंगावरून नंदनला डोळे वटारायचं मी सोडून दिलं.

आक्कांनी दुसऱ्याच दिवशी ताबा घेतला. फ्रीजमधून फुगा वेळेवर बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे औषध गार लागत नाही, हे काम त्यांचं. नर्स आली, तिनं हात धुतल्यावर दुसऱ्या कशाला शिवायचं नाही, हे चारचारदा बजावलं. आक्का मला म्हणाल्या, "जयंती, एवढं काय सांगतेय ही? सोवळ्यात आहे म्हण ना सरळ." तेव्हापासून औषध जोडताना मी जरी मध्ये आले, तरी "लांब हो" असा हुकूम. दर आठवड्याला फोन करणाऱ्या फार्मसीच्या हरलीनला नंदननं सांगून टाकलं, की घरी माझी काळजी माझी बहीण घेते. बायको इतके दिवस काय करत होती, ते बिचारीनं विचारलं नाही.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. जो माणूस काल डिशवॉशर लावत होता, तो आज पाण्याचा ग्लास मागायला कण्हत होता. पथ्याचा भात आक्का कालवून देत आणि हा सत्तरीच्या घरातला बाप्या तो खात बसे. आणि तरी दुपारी त्या दोघांच्या गप्पा किचनमध्ये ऐकू यायच्या, कुठल्या मास्तरांनी कुणाला बदडलं वगैरे, आणि नंदन इतका हसायचा, की आजाऱ्याचं सोंग आहे हे तोच विसरायचा. त्याला इतकं सुखात मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. बाहेर बर्फ पडत होता, घरात मेतकुटाचा वास होता. मलाही बरं वाटत होतं.

पाय खरोखरच बरा होत होता. रिपोर्ट चांगले आले, ते नंदननं मला बेसमेंटमध्ये नेऊन कुजबुजत सांगितले. "आक्काला इतक्यात बोलू नकोस."

"अरे, पण नळी काढल्यावर काय सांगणार?"

"बघू."

बघायची वेळच आली नाही. हरलीनचा नेहमीचा फोन आला तेव्हा नंदन वॉशरूममध्ये होता. आक्कांनी उचलला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"आंटीजी, फ्रिज में जो बचे हैं, बस वही लास्ट हैं. अब डिलिव्हरी नहीं आएगी. फ्रायडे को नर्स लाइन निकाल देगी."

"मतलब वो बरा हो गया?"

"जी? बरा?"

"ठीक. ठीक हो गया?"

"बिल्कुल ठीक. अंकलजी को तो पिछले हफ्ते ही बता दिया था. आपने बहुत अच्छा संभाला, आंटीजी."

आक्कांनी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. देवापुढे जाऊन हात जोडले. मग वर जाऊन बॅग काढली.

मी नंदनला हाक मारली. तो जिना चढला तो अजिबात न लंगडता. आक्का साड्या घड्या करून भरत होत्या.

"आक्का, मी लबाडी केली."

"ते पहिल्या दिवशीच दिसत होतं. पण हाताला नळी खरी होती, म्हणून राहिले." त्या चिडलेल्या नव्हत्या. "बरा झालास, माझं काम झालं. तिकिटाचं बघ."

"काम नाहीये, तरी राहा. मला तुझ्याकडून काही करून घ्यायचं नाही गं. तू नुसती इथं हवी आहेस मला."

आक्कांनी हातातल्या साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"नुसतं राहायचं कसं असतं ते मला येत नाही रे," त्या म्हणाल्या. "कधी कुणी ठेवूनच घेतलं नाही तसं."

इतक्या वर्षांत मी आक्कांना, तिकडे असताना, बाळंतपणाला बोलावलं, इथे आल्यावर माझ्या ऑपरेशनला बोलवायचा विचार केला. आक्का, या, नुसत्या या, असं आमच्यापैकी फक्त हा एकटा म्हणत होता, आणि ते त्यांना कळतच नव्हतं. नंदन पलंगावर त्यांच्या शेजारी बसला. मीही बसले. बॅग उघडीच राहिली.

नळी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. आक्का सवयीनं ओट्याकडे आल्या. नंदननं टेबलापाशी खुर्ची ओढली आणि ती त्यांच्यासाठी धरून उभा राहिला. त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, आत्ता उठायचंय अशा. मी बशी पुढे ठेवली. त्यांनी एक घास खाल्ला, मीठ कमी होतं. ओट्याकडे पाहिलं, पदर सावरला. मग हळूहळू मागे सरकून पाठ टेकली.

"जयंती," आक्का म्हणाल्या, "मीठ दे गं मला."