चेंडूवाल्या बाई

“पडदे नीट ओढा हो! आपल्याला सूर्य एकच हवाय,” बाई म्हणाल्या, तसे ड्रॉइंगचे सर स्टुलावर चढले. पडदा तोकडा होता. कितीही ओढला तरी खालून उजेडाची पट्टी आत येतच राहिली. शेवटी सरांनी अंगातला कोट काढून फटीत कोंबला आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

मधोमध टेबलावर बिनशेडचा दिवा होता, अजून न लावलेला. तो सूर्य. भोवताली कोंडाळं करून शिक्षक उभे. प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला पांढरा चेंडू. तो चंद्र. आणि ज्याचं त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी.

“काहींची पृथ्वी जरा जास्तच चकचकीत आहे. चालेल,” बाई म्हणाल्या. हा विनोद त्या गेली कित्येक वर्षं करत होत्या आणि तो कधी वाया गेला नव्हता. प्रत्येक गटात एखादं टक्कल असतंच.

शाळेतल्या मास्तरांना आकाश कसं शिकवावं हे शिकवणं, हे बाईंचं काम. पत्र्याच्या ट्रंकेत चेंडू, दिवे, आरसे, दोऱ्या भरायच्या आणि या गावाहून त्या गावाला जायचं. लोक पाठीमागे त्यांना ‘चेंडूवाल्या बाई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांचा नियम एकच. उत्तर सांगायचं नाही. कुणी काही विचारलं की उलट विचारायचं, “तुम्हाला काय वाटतं?” आणि हातात चेंडू द्यायचा. सांगितलेलं उत्तर परीक्षेपुरतं टिकतं, स्वतः शोधलेलं जन्मभर, असं त्या म्हणत. अशी किती माणसं त्यांनी शोधायला लावली असतील, त्याची गणती नव्हती.

दिवा लावायच्या आधी त्या नेहमी एक गोष्ट करत. अर्धवट अंधारात शिक्षकांना म्हणत, “चंद्राची तुमची पहिली आठवण सांगा.” अंधारात माणसं मोकळी होतात, हा त्यांचा अनुभव.

“आमची आजी म्हणायची, चंद्र खाऊन खाऊन गोल होतो,” गणिताच्या बाईंनी सुरुवात केली. “म्हणून मीही खात सुटले. पुढचं तुम्ही बघताच आहात.”

हशा ओसरल्यावर ड्रॉइंगचे सर म्हणाले, “मला वाटायचं, चंद्र फक्त माझ्याच मागे येतो. धाकटा भाऊ म्हणायचा, माझ्या. मारामारी झाली. मग एकदा ठरवून आम्ही दोघं उलट्या दिशांना पळालो. तर काय, दोघांच्याही मागे आला! तेव्हापासून माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.”

मागचं दार किलकिलं झालं होतं. कुणीतरी उशिरा येऊन भिंतीशी उभं राहिलं होतं. बाईंनी तिकडे हात केला. “आत्ता आलात ते? तुमची आठवण?”

“मी सहा-सात वर्षांची असेन,” दाराजवळून आवाज आला. “माझी आई कामासाठी गावोगाव फिरायची. एकदा ती निघाली तेव्हा मी विचारलं, कधी येशील? ती मला गच्चीवर घेऊन गेली. नखाएवढी कोर होती. म्हणाली, हा रोज थोडा थोडा वाढेल. पुरता गोल झाला की मी दारात.”

पहिल्या शब्दालाच बाईंनी मान वर केली होती. आवाज ओळखायला त्यांना चेहरा लागला नाही.

“मी रोज गच्चीवर जायचे. एक दिवस तो गोल झाला. आई आली नाही. मला वाटलं, नसेल झाला पुरता, कुठेतरी कड कमी असेल. आत्याला विचारलं. तीही म्हणाली, असेल हो कमी. दुसऱ्या दिवशी तो उशिरा उगवला. मग आणखी उशिरा. तोवर मला झोप लागायची. मग एकदा सकाळी शाळेत जाताना दिसला, एका बाजूने कुरतडल्यासारखा. मला वाटलं, हा जितका कमी होतोय तितकी आई लांब चाललीय.”



“मग? आली का आई?” गणिताच्या बाईंना राहवलं नाही.

“आली ना. नवं दप्तर घेऊन आली.”

दप्तर बाईंना आठवत होतं. निळं, दोन खिशांचं. गच्ची आठवत नव्हती. कोरीचं बोलणं आठवत नव्हतं. अशी बोलणी त्या येताजाता करत. त्यांच्या लेखी तो लेकीला लावलेला अभ्यास असायचा. आणि एखादं प्रशिक्षण लांबलं की घरी निरोप जाई, तो आत्याला मिळेही. पण मोठ्यांचा निरोप लहानांपर्यंत पोचतोच असं नाही.

“बाई, दिवा लावताय ना?” कुणीतरी म्हणालं. बटण हाताखालीच होतं, तरी ते सापडायला त्यांना वेळ लागला.

उजेडात त्यांनी लेकीला पाहिलं. केस कापले होते. डोळ्यांवर चष्मा आला होता. दोघींचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. पंधरवड्याने-महिन्याने फोन व्हायचा. “बरी आहेस?” “बरी आहे.” “जेवलीस?” “हो, तू?” एवढं झालं की दोघींनाही हुश्श व्हायचं. वडील गेले, पुढे आत्याही गेली, आणि मधला माणूस असा कुणी उरला नाही. लेक शिक्षिका झाली हे बाईंना अभिमानाने चार जणांत सांगता यायचं. पण तिच्या शाळेचं फाटकसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. बोलावल्याशिवाय जायचं कसं? आणि आता वरून हुकूम आला म्हणून लेकच त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती, हातात चेंडू घेऊन. सासरचं आडनाव वेगळं. कुणाला काही पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बाईंनी सगळ्यांना मैदानात काढलं. ऊन पश्चिमेकडून येत होतं आणि पूर्वेला निळ्या आभाळात अर्धा चंद्र होता, पुसट, फळ्यावर राहून गेलेल्या खडूच्या डागासारखा.

“अरेच्चा, हा दिवसा काय करतोय?” ड्रॉइंगचे सर म्हणाले.

“तुम्हाला काय वाटतं?” बाई म्हणाल्या. “चेंडू उन्हात धरा. चंद्राच्या शेजारी दिसेल असा. आणि बघा.”

सगळ्यांनी हात लांब केले. हळूहळू एकेकाच्या तोंडून ‘अय्या’, ‘अरे’ निघायला लागलं. चेंडूही अर्धाच उजळला होता, चंद्रासारखाच, त्याच बाजूने. बाई इतक्या वर्षांत या क्षणाला कधी कंटाळल्या नव्हत्या. मोठमोठी माणसं तोंड उघडं टाकून चेंडूकडे बघत उभी राहतात, तेव्हा ती कशी दिसतात हे त्यांच्या घरच्यांनी बघायला हवं, असं त्यांना वाटायचं.

लेक बाजूला एकटी उभी होती. तिने चेंडू धरला होता, पण बघत होती बाईंकडे.

“मॅडम,” ती म्हणाली. सगळे बाई म्हणत. ती एकटीच मॅडम म्हणत होती. “हा अर्धा का दिसतो? पृथ्वीची सावली पडते म्हणून ना? पुस्तकात बघून मी असंच शिकत आले.”

“तुम्हाला काय वाटतं? सावली पडायची तर पृथ्वी कुठे हवी?”

“मला काय वाटतं ते मी लहानपणापासून वाटून घेत आलेय, मॅडम. एकदा तरी तुम्ही सांगून टाका.”

लोक हसले. ड्रॉइंगचे सर म्हणाले, “बाई, ही आमची वकील! सांगून टाका हो, चहा निवतोय.” बाईही हसल्या. पण ते हसू ओठांवरच राहिलं.

चहानंतर लेक नळाशी कप विसळत होती. बाई आपला कप घेऊन तिथे गेल्या.

“चिऊ.”

“इथे नको, मॅडम.”

“इथे कुणी नाहीये ग.”

लेकीने त्यांच्या हातातला कप घेतला आणि तोही विसळायला लागली.

“ती गच्चीची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस.”

“तू विचारली नाहीस. बाकी सगळं विचारायचीस. सावली लांब का झाली, बर्फ का तरंगतो. तू घरी यायचीस तेव्हा मला वाटायचं, आता परीक्षा. मी काहीतरी ठोकून द्यायचे, आणि तू इतकी खूश व्हायचीस.”

“त्या वेळी प्रशिक्षणाचं एक केंद्र ऐनवेळी वाढवलं असणार. साहेब म्हणाले की...”

“आई, मला कारण नकोय. कारणं आता मलाही कळतात. मीही नोकरी करते.”

“मग काय हवंय?”

लेकीने कप पुन्हा नळाखाली धरला. “आता काही नाही. तेव्हा हवं होतं ते तेव्हाच हवं होतं.”

बाईंच्या जिभेवर पुन्हा प्रश्नच आला. काय हवं होतं? त्यांनी तो गिळला. मग त्या म्हणाल्या, “मला घरी यायचं असायचं. प्रत्येक वेळी. दिवसभर लोकांत असायचे, तेव्हा काही नाही. पण एकदा का ट्रंक बंद केली, की तुझा आवाज यायचा कानात. मग मी ती पुन्हा उघडून बसायचे. चेंडू पुसत.”

नळ वाहत होता. लेकीने तो बंद केला, कप पालथे घातले.

“हे सांगायला काय हरकत होती?” ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत आत गेली.

तिसऱ्या दिवशी समारोप झाला. गणिताच्या बाईंनी आभार मानताना चंद्रापेक्षा चहाचे जास्त मानले. ड्रॉइंगच्या सरांना कोट घालताना कळलं की त्याची पाठ धुळीने पांढरी झालीय. दोघा-तिघांनी मिळून ती झटकली. माणसं पांगली. बाई ट्रंकेत चेंडू भरत होत्या, तेव्हा लेक दाराशी आली. खांद्याला पिशवी. निघालेली.

“सोमवारी मी वर्गात घेणार आहे हे. चंद्राच्या कला.”

“चेंडू देऊ का? हे वीसेक घेऊन जा.”

“नको. मुलं मातीचे करतील.” ती जरा घुटमळली. “यायचं असेल तर ये. पण मागे बसायचं. आणि मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

“बघ हं. तुला जमायचं नाही.”

बाईंचं पुढचं गाव ठरलेलं होतं. त्यांनी वरच्यांना फोन करून सांगितलं, एक दिवस उशिरा जाते. का, असं तिकडून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “घरचं काम आहे.” हे वाक्य त्यांनी नोकरीत कधी वापरलं नव्हतं, तोंडात ते नवंकोरं लागलं.

शाळा लहान होती. वर्गाच्या खिडक्यांना लेकीने जुनी ब्लँकेटं ठोकली होती. बाई शेवटच्या बाकावर बसल्या. बाक मुलांच्या मापाचं. गुडघे मावेनात, म्हणून त्या तिरप्या बसल्या. शेजारची दोन वेण्यांची मुलगी त्यांना निरखत होती.

“तुम्ही तपासायला आलात का?”

“नाही ग.”

“मग?”

“शिकायला.”

मुलीला हे पटलं नाही. पण तिने सरकून जागा दिली.

दिवा लागला. मुलं उठून उभी राहिली. मातीचे चंद्र कुठे वाकडे, कुठे चिरलेले, एकाचा तर पेन्सिलीवरून सुटून बाकाखाली गेलेला. लेक मुलांमधून फिरत होती. तिचा आवाज घरातल्यापेक्षा मोठा होता आणि फोनवरच्यापेक्षा कितीतरी सैल. ती हसत होती, एका मुलाचा कान धरून त्याला वळवत होती, “अरे, तिकडे नाही, इकडून फिर, चंद्राला चक्कर येईल.” ही मुलगी अशी हसते हे बाईंना माहीत नव्हतं. कधीपासून हसते? कुणाबरोबर शिकली? त्या बघतच राहिल्या. डोळ्यांना पुरेना.

दोन वेण्यांची मुलगी दिव्याकडे पाठ करून उभी राहिली आणि एकदम ओरडली, “बाई, माझा चंद्र विझला!” चेंडूवर काळोख पडला होता. तिचे ओठ थरथरायला लागले. आपल्याच हातून काही बिघडलं असं तिला वाटलं असावं.

बाईंचं सगळं अंग पुढे झुकलं. का विझला असेल? तू कुठे उभी आहेस? दिवा कुठे आहे? सगळे प्रश्न रांगेने तयार होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

लेक आली. मुलीशेजारी गुडघ्यांवर बसली. तिने काहीच विचारलं नाही.

“विझला नाही ग राणी. तुझंच डोकं मध्ये आलंय, त्याची सावली पडलीय. हात जरा उंच कर बघू.”

मुलीने हात उंच केला. चेंडू पुरता उजळला. तिच्या डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि ती हसायलाही लागली होती. लेकीने तिचा गाल पुसला आणि ती पुढे गेली.

सांगून टाकलं होतं तिने. बाईंच्या नियमात हे बसत नव्हतं. त्या मनाशी काही म्हणायला गेल्या, पण मनाने साथ दिली नाही. त्या मुलीच्या ओल्या, उजळलेल्या चेहऱ्याकडे त्या पाहत राहिल्या. अशा वयाचा, असाच एक चेहरा त्यांना हवा होता, थोडाच वेळ, समोर बसून सांगण्यापुरता.

ब्लँकेटं खाली आली. वर्गात ऊन शिरलं आणि मुलं डोळे चोळत जागेवर बसली.

“आता विचारा,” लेक फळ्याशी जाऊन म्हणाली. “कुणाला काय विचारायचंय?”

पुढच्या बाकांवरून हात वर झाले. मग मधल्या. दोन वेण्यांच्या मुलीने तर दोन्ही हात वर केले. बाईंना काय विचारायचं होतं ते त्यांचं त्यांनाच धड ठरवता येत नव्हतं. तरी सगळ्यांच्या मागून, सावकाश, त्यांनीही हात वर केला.

लेकीची नजर मागच्या बाकावर आली आणि थांबली.

“एकेक जण,” ती वर्गाला म्हणाली. “सगळ्यांची पाळी येईल.”

तिने पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. बाईंचा खांदा दुखायला लागला होता. त्यांनी डाव्या हाताने कोपराला आधार दिला आणि हात तसाच वर ठेवला.