मागचा डावा ड्रम

गाडी जॅकवर घ्यायच्या आधी हँडब्रेक ओढायचा, हे धाकट्याला बापाने शिकवलं ते कानाखाली देऊन. गॅरेज बापाचं, आणि त्याची शिकवायची पद्धत एकच होती. चूक झाली की एक, कारण विचारलं की दुसरी. बाप गेल्यावर थोरल्याने गॅरेजच्या किल्ल्या घेतल्या, गिऱ्हाइकं घेतली आणि मारायचं कामही पुढे चालू ठेवलं. धाकटा आता बेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, घरी बायको, नऊ वर्षांची मुलगी, आणि तरी तो आठवड्यातून एकदा तरी थोरल्या भावाच्या हातचा मार खात होता.

थोरला दुष्ट होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. धाकट्याला ताप चढला तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळत नेणारा तोच होता. फक्त राग आला की त्याचा हात त्याच्या डोक्याला विचारत नसे. नंतर तोच चहा करून पुढ्यात ठेवायचा. धाकटा तो चहा प्यायचा आणि झालं गेलं विसरायचा. निदान विसरल्यासारखं करायचा.

मागच्या आठवड्यात मुलगी वडिलांचा डबा घेऊन गॅरेजच्या दारात उभी असताना थोरल्याने तिच्यादेखत त्याच्या मुस्काटात मारली. कारण काय, तर ऑइलचा बोल्ट सैल राहिला होता. मुलगी डबा खाली ठेवून घरी गेली आणि तेव्हापासून ती बापाच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. दोन दिवसांनी बायकोने भांडी घासता घासता, मागे वळूनही न बघता सांगितलं, "परत मार खाऊन घरी आलात तर मी पोरीला घेऊन माझ्या भावाकडे जाईन. बाप मार खातो हे बघत तिला मोठी नाही करायची मला." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ती खरंच जाईल हे धाकट्याला कळलं. त्याने शब्द दिला. त्यासाठी काय करायचं हे मात्र त्याला कळत नव्हतं. भावावर हात उगारणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. उरलं एकच, चूक होऊ द्यायची नाही. पाच दिवस झाली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी एक जुनी गाडी आली. मालक निवृत्त मास्तर होते. तीन वर्षं गाडी छपराखाली उभी होती, मागचं डावं चाक जाम होऊन घासत होतं. दोघा भावांनी ती ढकलत आत आणली. आत आल्या आल्या धाकट्याने खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला, आणि आपण तो ओढला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. बत्तीस वर्षांची सवय होती ती. थोरल्याने जॅक लावला, चाक काढलं आणि त्याच्या आतल्या ब्रेकच्या लोखंडी ड्रमवर दोन टोले घातले. ड्रम ढिम्म हलला नाही.

ड्रमचं काम असलं की गाडी उचलल्यावर पुढच्या चाकांना दगड लावायचे आणि मग हँडब्रेक सोडायचा, कारण तो ओढलेला असला की आतले ब्रेकशू ड्रमला आतून धरून बसतात. हे दोघांनाही पाठ होतं. पण नव्या गाड्यांमुळे अशी कामं वर्षाकाठी दोन-तीनच यायची. शिवाय ओढायचा नियम मारून शिकवलेला होता आणि सोडायचा नुसता सांगितलेला. मारलेला तेवढा अंगात भिनला. दगड लावून हँडब्रेक सोडणं हे पहिल्यापासून धाकट्याचं काम होतं, म्हणून थोरल्याने विचारलंही नाही. तीन वर्षांचा गंज आहे, एवढंच दोघांनी धरलं.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायला जीभ धजत नाही. थोरल्याने गंज सोडवायचं तेल ओतलं आणि पाच मिनिटं वाट पाहिली. त्याच्या हिशेबाने हा फार मोठा संयम होता. मग तो ड्रमच्या कडेवर हातोडा घेऊन तुटून पडला. दर टोल्याला गाडी हादरायची, गंजाचे पोपडे उडायचे, पत्र्याचं छप्पर घुमायचं. धाकटा छिन्नी धरून बसला होता. एक टोला चुकला आणि त्याच्या मनगटाला चाटून गेला. थोरल्याने विचारलं ते मनगटाचं नाही, छिन्नी का हलवलीस म्हणून.

ड्रम फोडता येत नव्हता, नाहीतर कामच सोपं झालं असतं. त्या गाडीचे ड्रम बनायचे बंद होऊन जमाना झाला होता, आणि मास्तरांना संध्याकाळचा शब्द दिला होता. म्हणजे जीव खाऊन मारायचं पण मोडायचं नाही. थोरल्याच्या स्वभावाला याहून मोठी शिक्षा नव्हती. त्याने गॅसच्या बत्तीने ड्रम तापवला. धूर झाला, जळक्या तेलाचा वास भरला, आणि घाईघाईत त्याच गरम लोखंडाला त्याची कोपरापुढची कातडी चिकटली. त्याने ड्रमच्या आईपासून मास्तरांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. एक पाना भिरकावला, तो धाकट्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. दोन तास झाले होते. थोरल्याच्या बोटांची सालं निघाली होती, डोळे तांबारले होते, आणि धाकटा लोखंडाकडे कमी आणि भावाच्या उजव्या हाताकडे जास्त बघत होता.

शेवटी थोरला म्हणाला की आत बसून ब्रेक दाब आणि सोड, जरा आतून हलू दे. धाकटा गाडीत बसला. पायाने ब्रेक दाबताना त्याचं कोपर कशाला तरी लागलं. त्याने खाली पाहिलं. हँडब्रेक वर होता.

दोन तास, ती भाजलेली कातडी, ती सोललेली बोटं, सगळं त्याच्या एका चुकीपायी. आता तोंड उघडायचं आणि सांगायचं, दादा थांब, हँडब्रेक ओढलेला आहे. एवढंच वाक्य होतं. आणि त्यापुढे काय होणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आज एका थपडेवर भागणार नव्हतं. आज तोंड सुजणार होतं, आणि सुजलेलं तोंड घेऊन तो घरी गेला की बायको एक शब्द न बोलता कपाटातून पिशवी काढणार होती.

दगड लावल्याशिवाय ब्रेक सोडू नये, हेही त्याला आठवलं. ते आठवलं नव्हतं असं पुढे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. गॅरेजची फरशी धुण्याचं पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती केलेली होती. मागचं एक चाक हवेत, तेव्हा गाडी धरून ठेवली होती ती फक्त दुसऱ्या मागच्या चाकाच्या ब्रेकने. पण उतरून दगड लावायला गेलं तर थोरला विचारणार, आता कशाला? दोन मिनिटांचा प्रश्न आहे, त्याने मनाशी म्हटलं. ड्रम निघाला की लगेच पुन्हा ओढतो. त्याने खोकल्याचं निमित्त केलं, बटण दाबलं आणि दांडा आवाज न करता खाली नेला. गाडी किंचित हलून थांबली.

बाहेर थोरल्याने हातोडा घातला. दुसऱ्या टोल्याला ड्रम सुटला आणि खणकन खाली पडला.

थोरला हसला. मोठ्याने, लहान पोरासारखा हसला. "निघाला बघ," तो म्हणाला, "हरामखोर निघाला." धाकटाही हसला. त्याला इतकं हलकं वाटलं की पुन्हा ब्रेक ओढायला त्याला क्षणभर उशीर झाला. थोरला खाली वाकून पडलेला ड्रम उचलत होता. बोटं ड्रमच्या कडेवर होती. गाडी दाराच्या बाजूला वीतभर सरकली, जॅक कलला, आणि उघडी पडलेली ब्रेकची लोखंडी प्लेट सगळं वजन घेऊन त्या ड्रमवर उतरली.

थोरला ओरडला नाही. त्याने फक्त श्वास आत ओढला आणि तो बाहेर येईना. धाकट्याने हँडब्रेक ओढला, उडी टाकली, जॅक सरळ केला, पुन्हा खाली घातला, जॅकचा दांडा मारू लागला. प्रत्येक दांड्याला गाडी बोटभर उचलायची आणि प्रत्येक दांड्याला थोरला धाकट्याच्या खांद्यात दात रुतवायचा. हात सुटला तेव्हा तो हातासारखा दिसत नव्हता. धाकट्याने अंगातला सदरा काढून त्याच्याभोवती गुंडाळला. रस्त्यापर्यंत जाईतो सदऱ्यातून रक्त गळायला लागलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या हाताची तीन बोटं काढली. दुपारी वहिनी आली, रडली. थोरला पडल्या पडल्या तिला समजावत होता की चूक माझीच, टोला जास्त जोरात बसला, गाडी जॅकवरून घसरली. नर्सलाही त्याने तेच सांगितलं. धाकट्याने ऐकलं. कोणी त्याच्याकडे संशयाने बघत नव्हतं. गप्प बसला असता तर जन्मभर गप्प बसता आलं असतं.

वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा तो खाटेजवळ गेला.

"दादा, हँडब्रेक ओढलेला होता," तो म्हणाला. "सकाळीच मी ओढला होता. मी बघितला आणि तुला न सांगता सोडला."

थोरल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पट्ट्या बांधलेला हात पोटावर होता. डावा हात चादरीवरून उचलला गेला, अर्ध्यात थांबला आणि पुन्हा खाली आला.

"सांगितलं का नाहीस?"

"तू मारलं असतंस."

थोरल्याने छताकडे बघून विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "मारलं असतं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चिरकला. "अरे, एक थोबाडीत दिली असती. एवढंच ना? तेवढ्यासाठी माझा हात घालवलास?"

धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली. पण बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो भावाच्या हाताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"तेवढंच आता सोसवत नव्हतं, दादा," तो म्हणाला.