दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे

प्रज्ञेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्या सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीस होता, तेथील जेवणाच्या टेबलावर रॉक संगीताविषयी त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. कोणता गिटारवादक खरा, कोणता नुसते केस वाढवून मिरवणारा, याचा निवाडा तो घास हातात धरून करी आणि मंडळी माना डोलावीत. आज मात्र त्याच टेबलावर त्याचे हसे झाले होते.

'आयर्न ऑर्चर्ड' हा इंग्लिश बँड त्याचे दैवत. त्यांच्या पहिल्या अल्बममधील शेवटचे गाणे म्हणजे रॉकचे शिखर, असे तो कॉलेजपासून सांगत आला होता. इतर गाण्यांत आरडाओरडा फार. या गाण्यात मात्र गायकाचा बसलेला, चिडलेला आवाज काळजाला हात घाली. किंबहुना, गाण्यापूर्वी जो 'खट्' असा आवाज येतो, तो ड्रमरने संतापाने काठी आपटल्याचा, हेही तो आवर्जून सांगे.

त्याच टेबलावर जेवणाऱ्या सुदर्शनने इंटरनेटवरून तो अल्बमच उतरवून घेतला आणि सर्वांना ऐकवला.

"प्रज्ञेशसाहेब, सगळा डोंगर चढून आलो. तुमचं शिखर काही सापडलं नाही!"

"नेटवरचं अर्धवट असणार."

"अरे, बँडच्या वेबसाइटवर पण नाहीये. खास तुझ्यासाठी गायले का ते?"

त्याच्याकडून कॅसेटी मागून नेणारी सृष्टीदेखील हसली. ते मात्र वर्मी लागले. आपला कानच खोटा ठरला, तर आपल्यापाशी उरले काय?

संध्याकाळी त्याने नारायण पेठ गाठली. कॉलेजात असताना त्याला हा अल्बम कोऱ्या कॅसेटवर भरून देणारे दिगंबरकाका आता त्याच दुकानात मोबाइलची कार्डे विकत होते. प्रज्ञेशने कॅसेट काउंटरवर आपटली.

"काच आहे ती," काका शांतपणे म्हणाले. "फुटली तर कॅसेट ठेवून घेईन."

"हे शेवटचं गाणं कुणाचं?"

काकांनी जुन्या मशीनवर कॅसेट लावून क्षणभर ऐकली. "हे होय! अहो, अल्बम संपला आणि टेप उरली. गिऱ्हाइकाला रिकामी टेप देणं आमच्यात बसत नाही. उरल्या जागेत हाताला लागेल ते भरायचो."

"आणि सांगायचं नाही?"

"विचारलंत कधी?"

"अहो, या गाण्यावरून मी मित्र तोडलेत! गायलंय कुणी ते तरी सांगा."

"कोण जाणे. कुणा पोराची कॅसेट मशीनमध्ये राहिली होती, त्यातलं."

"आणि तो खट्?"

"तो मी. बटण दाबलेलं."

प्रज्ञेशने कॅसेट मशीनमधून ओढून काढली. "तुम्हाला संगीतातलं काही कळतं का हो?"

"छे. टेप वाया घालवू नये, एवढं कळतं."

कॅसेट नदीत भिरकावून द्यावी, या निश्चयाने तो ओंकारेश्वराच्या पुलावर आला. तत्पूर्वी एकदाच, केवळ दोष काढण्याच्या हेतूने, त्याने वॉकमन कानाला लावला. गाणे आपल्या बँडचे नाहीच म्हटल्यावर ते आता भिकार वाटेल, अशी त्याची अपेक्षा होती. ते तसे वाटले नाही. तोच बसलेला आवाज, तोच संताप. तेव्हा त्याच्या रागाने दिशा बदलली. ज्यांना असे एकही गाणे जमले नाही, त्या परक्या बँडला आपण इतकी वर्षे फुकट डोक्यावर घेऊन नाचलो!

दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच तो उभा राहिला.

"ते गाणं त्यांचं नाही. चूक माझी. आणि तो खट् ड्रमरचा नव्हता, नारायण पेठेतल्या दिगंबरकाकांचा होता."

टेबल गडगडून हसले. सुदर्शनला ठसका लागला.

"हसून घ्या. आयर्न ऑर्चर्ड हा अगदी सामान्य बँड आहे. गाणं मात्र शिखरच आहे, आणि हे माझं मत कालही होतं, आजही आहे."

"अरे, पण गायलंय कुणी?"

"माहीत नाही. बघ तुझ्या इंटरनेटला विचारून!"

सृष्टीने हात पुढे केला. "दे, घरी नेऊन ऐकते."

"नेऊबिऊ नकोस. इथेच ऐक." त्याने वॉकमनचा हेडफोन तिच्या कानांवर चढवला आणि बटण दाबले. थोड्या वेळाने तिला हसू फुटले. तो 'खट्' आला असावा.

"हसू नकोस," प्रज्ञेश दरडावून म्हणाला. "गाणं आत्ता सुरू होतंय."