अक्कूबचा उतार

टेकडीला हिरवं फुटलं की नाइफाची झोप उडे. अजलूनच्या त्या उतारावर तिच्या सासूची अक्कूबची, त्या काटेरी रानभाजीची, जागा होती. काट्यांच्या कुशीतले कोवळे कोंब, दह्यात शिजले की तीन घरं ओलांडून वास जाई. सासूने जागा दोघी सुनांना दाखवली, थोरल्या नाइफाला नि धाकट्या रस्मियाला. दोघींच्या घरांमधल्या भिंतीत दारही तिनेच ठेवलं.

यंदा उतार उघडाबोडका. गेल्या साली गोणी भरली होती, आता जेमतेम ओंजळ. आणि परवा रस्मियाने त्याच दारातून येऊन दही मागितलं होतं. दही कशाला? तिच्या मनगटावर ओरखडे कसले? नाइफाने कुणाला विचारलं नाही. गवंड्याला मात्र सांगून आली, उद्या ये, दार बुजवायचंय.

आज पहाटे फजरची नमाज आटोपून ती ओकच्या बुंध्याआड बसली. उन्हं चढताना रस्मिया आली, पाठीवर गोणी.

"गोणी उघड," नाइफा पुढे होऊन म्हणाली.

"अगं बाई, जाऊबाई! भूत दिसलं वाटलं. खुब्बेझाची भाजी आहे, तुमच्याकडेही आणणार होते."

"उघड म्हटलं ना."

रस्मियाने गाठ सोडली. वर खुब्बेझाची गोल पानं, खाली पानंच. नाइफाने कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला. अक्कूबचा एक काटाही बोटाला लागला नाही.

"मग झाडं गेली कुठे? जमिनीने गिळली?"

रस्मिया खुरपं घेऊन बसली, मागच्या साली जिथे मोठं झुडूप होतं तिथे उकरलं. मूळ जागेवरच होतं, काळं, पिचपिचीत, मानेखाली सपाट कापलेलं.

"सासूबाई काय म्हणायच्या? मान राखून कापा, मुळाला पुन्हा डोकं फुटू द्या. इतकं खोल कुणी कापलं, जाऊबाई? मी तर दोन वर्षं इथल्या एका कोंबाला हात लावला नाही. तुमचं वाकडं तोंड बघून."

नाइफाने दुसरं मूळ उकरलं. तिसरंही. सगळी तशीच. मागे काही उरू नये, धाकटीच्या हाती कोंब लागू नये, म्हणून ती दोन वर्षं सुरी खोल घालत होती. आपलाच हात तिला ओळखू आला.

"दही कशाला हवं होतं? नि मनगटावरचे ओरखडे?" तिने तरी विचारलंच.

"पोट बिघडलं होतं म्हणून. ओरखडे सरपणाचे. दोन दिवस अंथरुणावर होते. तुम्ही भिंतीपलीकडेच होतात."

नाइफाने खाली सांडलेली पानं एकेक वेचून गोणीत भरली. गाठ तिला धड मारता येईना.

"गवंड्याला येऊ नको म्हणून सांगते."

रस्मियाने गोणी तिच्या हातून घेतली, गाठ आवळली.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "माझ्या बाजूचा गिलावा मी करून घेईन."

आणि उताराने एकटीच खाली गेली.