बांधीवर टांगलेला शेवट

मित्रांनो, मी एका जुन्या मराठी सिनेमाचे शेवटचे रीळ आहे. आहे म्हणायचे ते आपले सवयीने. सध्या माझे तुकडे सिहोऱ्यातल्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोपट हाकायला टांगलेले आहेत.

माझे मालक नत्थूभाऊ तंबूत सिनेमे दाखवत. माझ्या गोष्टीत घर सोडून गेलेली पोरगी परत येते. आई दार उघडते, एक शब्द बोलत नाही, फक्त ताट वाढते. तेवढ्यावर अख्खा तंबू डोळे पुसायचा आणि ओरडायचा, "नत्थूभाऊ, आखरीचं फिरून लावा!" म्हणून मी रोज दोनदा चालायचे. नत्थूभाऊ मला धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि म्हणायचे, "हे माही लक्ष्मी आहे." मी किती फुशारले होते, काय सांगू!

पुढे तंबू बंद पडला. बाकीची रिळे पेटीत घालून माळ्यावर गेली. मला मात्र त्यांनी लाडाने डोळ्यांसमोर, फळीवर ठेवले. तोच लाड मला भोवला.

एका वर्षी धान भरायला लागले आणि पोपटांचे थवे उतरले. नत्थूभाऊंच्या पत्नी कुंताबाई कावून म्हणाल्या, "अजी, पोपट सारा धान खाऊन राहिले. ते चकचकीत पट्टी बांधा ना!"

मला वाटले, आता नत्थूभाऊ चिडतील. ते म्हणाले, "हो, पडूनच तं आहे." आणि त्यांनी विळ्याने माझे तुकडे केले. परक्याने कापले असते तर इतके लागले नसते.

पोपट थोडे दिवस बिचकले, मग माझ्याखालीच लोंब्या कुरतडू लागले. माझ्यावरची चित्रे उन्हापावसाने धुऊन नेली.

यंदा मेघा नावाची मुलगी आली. देशभरातले जुने सिनेमे शोधून ते संगणकात जपून ठेवायचे, हे तिचे काम. या सिनेमाची दुसरी प्रत तिला कुठेच सापडली नव्हती. नत्थूभाऊंनी ऐटीत पेटी उतरवली. रिळे पाहून ती हरखली. मग म्हणाली, "काका, शेवटचं रीळ?"

नत्थूभाऊ तिला घेऊन निघाले. बांधीवर येऊन त्यांनी माझा एक तुकडा सोडला. मेघाने तो उजेडाकडे धरला.

"काका, यावर काहीच उरलं नाही. शेवट तरी आठवतो का? तेवढा सिनेमासोबत लिहून ठेवते."

"आठवते ना! पोरगी मायच्या पाया पडते. दोघीबी लय रडतात."

मित्रांनो, माझ्यात कोणी पाया पडले नव्हते. कोणी रडलेही नव्हते. रडायचा तो तंबू. मी वाऱ्यावर नुसते फडफडले, कारण यंत्राशिवाय मला बोलता कुठे येते? मेघाने तेच लिहून घेतले. आता सगळे तोच शेवट खरा मानतील.

मला पोपटांचा राग नाही. ज्याने मला लक्ष्मी म्हटले, त्याने मला एकदाही नीट पाहिले नव्हते, हे मात्र मला पचत नाही. तुमच्या घरात असे काही पडून असेल, तर त्याला विळा लावण्याआधी जरा उजेडाकडे धरून पाहा. मला कापले, तेव्हा माझ्यावर एक आई अजून ताट वाढत होती.