दोन पॅनलांचा रोट

ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन आठ महिने झाले, तरी सुकलालच्या घरात युद्धबंदी झाली नव्हती. सुकलाल हेमकांतआप्पांच्या कपबशी पॅनलचा, धाकटा भाऊ दगा जालमसिंगबापूंच्या छत्री पॅनलचा. प्रचारात दोघांनी एकमेकांचं उणंदुणं इतकं काढलं, की निकालानंतर अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले.

श्रावणात खानदेशची कानबाई देवी घरी आली. तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांना, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा शेर गहू. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, आणि पुनवेच्या आत संपवायचा. परक्याला द्यायचा नाही, गुरांना घालायचा नाही. म्हाताऱ्या आईनं, कौसाबाईनं गहू मोजले, ते दोन्ही घरांचे. दगाला चार पोरगे.

"माय, त्यास्ना पाच जनस्ना गहू काबर लिधा?" सुकलालनं विचारलं.

"इलेक्शन तुम्ही लढनात, कानबाई नही. तिले तुम्ही दोन्ही पोरे दिसतस."

"मी त्याले बलावनार नही."

"मंग एकलाच खाय."

सुकलालनं खाल्ला. पहिल्या दिवशी जिद्दीनं, दुसऱ्या दिवशी ताकाच्या जोरावर, तिसऱ्या दिवशी नाडी सैल करून. बायको ममतानं तर दुसऱ्याच दिवशी उपास धरला. रोटाच्या पिठाचा डबा मात्र गळ्यापर्यंत भरलेला, आणि पुनव उद्यावर. रोट उरला की कानबाई कोपणार; अन् यंदा कपाशी कधी नव्हे ती कमरेला लागली होती.

शेवटी त्यानं पत्र्यावर थाप मारली.

"दगा, जेवाले ये."

"तू बलाई ऱ्हायना का माय?"

"मन्हं पोट बलाई ऱ्हायनं."

पलीकडे दगानं पोरांना हाका मारल्या.

"येसू. पन जेवाले. समेट कराले नही."

चार पोरं घेऊन दगा पंगतीला बसला. तिसऱ्या रोटाला त्याचं तोंड उघडलं.

"भाऊ, तुन्हा आप्पा नि मन्हा बापू तळोदाले एकच ताटलीमा भजा खाई ऱ्हायंतात."

"मी बी देखं. महिना व्हयना."

"मंग सांगं काबर नही?"

"तू बोले तव्हय ना!"

दोघं असे हसले, की ममताचा उपास मोडला.

वास गावभर गेला असावा. आप्पा आणि बापू एकाच मोटारसायकलवरून उतरले, सोबत शाल आणि फोटोवाला.

"भाऊ-भाऊ एक झाले! आमच्याच प्रयत्नांनी," आप्पा म्हणाले. "कौसामाय, आम्हालाही वाढा रोट."

कौसाबाईनं परातीवर ताट झाकलं.

"रोट भाऊबंदलेच चालस, आप्पा. पानी प्या."

दगानं तांब्या आणला. सुकलालनं, बराच विचार करून, दोघांत मिळून एकच पेला.