पातळ ऑइल

इंजिनात कुठलं ऑइल घालावं यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत. आणि लग्नावरून काही कमी झाली नव्हती.

ट्रक बाबांचा, चालवते मी. कंबर साथ देत नाही म्हणून बाबांनी स्टिअरिंग सोडलं आणि वरच्या डेअरीतून खाली शहरात दूध आणायची फेरी माझ्याकडे आली. संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन घाट चढायचा, डेअरीच्या ड्रायव्हरांच्या खोलीत पाठ टेकायची, सकाळी दूध भरून उतरायचं. दुपारी घरी येऊन जेवले की मी जी आडवी व्हायची ती संध्याकाळपर्यंत. त्या वेळात ट्रक बाबांच्या ताब्यात. टायरची हवा, काचा, आणि मुख्य म्हणजे ऑइल. डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, बाबांखेरीज कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. मीसुद्धा नाही. एकदा लावला होता, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

हिवाळ्यात वर अशी थंडी पडते की नळातलं पाणी गोठतं. मग बाबांचं लाडकं दाट वीस-पन्नास ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये काय करत असेल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. सेल्फ मारला की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. पुन्हा मारला की बॅटरी कण्हायची. मी चेंबरखाली शेगडी सरकवून बसायची, आणि डेअरीचा मॅनेजर हात चोळत माझ्याकडे बघत उभा.

"मॅडम, दूध तुमच्या इंजिनासाठी थांबत नाही," तो शेवटी म्हणाला. "आणखी एकदा असं झालं तर फेरी दुसऱ्या गाडीला देतो. मला वाईट वाटेल, पण देतो."

त्याला वाईट वाटून आम्हाला काय उपयोग? आमचं घर त्या एका फेरीवर चालतं.

मग मी गाडीचं माहितीपुस्तक काढून बसले. त्यात तक्ता होता आणि तक्ता अगदी सरळ होता. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीतला: तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि सेल्फ मारल्यावर पटकन वरपर्यंत पोचतं. दुसरा तापल्यानंतरचा: तेव्हा ते किती दाट राहणार, ते सांगणारा. आमच्या इंजिनाला, आमच्या थंडीला, पाच-चाळीस सिंथेटिक. एवढी साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही पटली असती.

बाबांना नाही पटली. त्यांनी नव्या डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे ऑइल आहे की पाणी?"

"बाबा, थंडीत पातळ राहावं म्हणूनच तर आणलंय."

"हाताला लागतसुद्धा नाही. हाताला लागत नाही ते बेअरिंगला काय लागणार?"

"बेअरिंगला हात नसतो, बाबा."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून ट्रक चालवतोय मी," बाबा म्हणाले. या वाक्यानंतर आमच्याकडे चर्चा संपते.

गॅरेजच्या मिस्त्रीने खांदे उडवले. जुनं इंजिन आहे ताई, झिजलेलं आहे, त्याला दाटच बरं, पातळ ऑइल फटीफटीतून वर जाईल आणि जळेल. मामांनी फोन करून सांगितलं की सिंथेटिक म्हणजे प्लॅस्टिक. मामांनी आयुष्यात सायकलच्या साखळीलाही तेल घातलेलं नाही, पण मत त्यांचंही होतं. आई म्हणाली, काय घालायचं ते घाला, पण जेवताना चेंबरचं नाव काढू नका.

मी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पाच-चाळीस घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर डेअरीत सेल्फ मारला आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. मी एकटीच केबिनमध्ये हसत सुटले. मॅनेजरने लांबून हात वर केला.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही.

"आज ऑइल कमी होतं," बाबा एका संध्याकाळी म्हणाले. "टाकलं."

नंतर पुन्हा. "आजही कमी. टाकलं." मग रोजचाच पाढा. मी उठून चहा घेत असायची, आणि बाबा फडक्याला हात पुसत दारात येऊन उभे राहायचे. "पितंय इंजिन. मी सांगितलं होतं." त्यांच्या आवाजात काळजी होती, पण काळजीखाली थोडा आनंदही होता. तो मला ऐकू यायचा आणि तळपायाची आग मस्तकात जायची. सुटं ऑइल म्हणून आणलेला मोठा डबा माझ्या डोळ्यांदेखत हलका होत चालला होता. खाली फरशीवर गळतीचा एक थेंब नाही. म्हणजे जळतंय. म्हणजे मिस्त्री बरोबर, मामा बरोबर, बाबा बरोबर, आणि तक्ता वाचणारी मी तेवढी मूर्ख.

मग धूर सुरू झाला. निळा. आधी घाटात चढावर, मग सपाटीवरही. एके सकाळी डेअरीच्या आवारात गाडी सुरू केली तर कॅन चढवणारी माणसं खोकत बाजूला झाली.

मॅनेजर नाकाला मफलर लावून आला. "मॅडम, आता सुरू होते तर ही तऱ्हा. माझ्या दुधाला धुराचा वास लागला तर मला घरी बसवतील. उद्याची फेरी करा. उद्याही असा धूर असेल तर परवापासून येऊ नका."

उतरताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. प्रत्येक वळणावर लागायचा, विझायचा. मी घाट कसा उतरले ते माझं मला माहीत. आणि सगळा वेळ डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दाट ऑइल घातलं तर गाडी वर सुरू होणार नाही. पातळ ठेवलं तर इंजिन मरणार. कुठलंही घातलं तरी फेरी जाणार. तक्त्यात याला रकाना नव्हता.

दूध उतरवलं आणि थेट मिस्त्रीकडे गेले.

"काढा," मी म्हटलं. "सगळं काढा आणि तुमचं ते दाट घाला. जिंकलात तुम्ही सगळे."

मिस्त्री जिंकल्यासारखा हसला आणि खाली बादली सरकवून त्याने चेंबरचा नट सोडला. काळं ऑइल पडायला लागलं. पडत राहिलं. बादली भरत आली तसा त्याचा चेहरा बदलला. त्याने बोटाने नटाचं भोक दाबून धरलं आणि ओरडला, "ताई, दुसरी बादली! लवकर!"

दुसरी बादलीही चांगली भरली. मिस्त्री उठून उभा राहिला, आधी बादल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणी भरलं एवढं?"

"कमी होत होतं म्हणून बाबा टाकत होते."

"कमी कसलं? दीडपट आहे. ताई, एवढं ऑइल असलं की फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि घुसळत बसतो, लोणी काढायला घातल्यासारखं. सगळा फेस. फेसाला प्रेशर नसतं, म्हणून तुमचा दिवा लागतो. आणि जादा झालेलं वर चढून जळतं, म्हणून धूर." त्याने डोकं खाजवलं. "ऑइलचा दोष नाही यात. तुम्ही पट्टी बघितली नाहीत?"

"पट्टी बाबा बघतात."

"मीही त्यांनाच विचारलं होतं," मिस्त्री म्हणाला. "ते म्हणाले कमी होतंय. बाबांनी सांगितल्यावर मी कशाला बघू?"

त्याने मापात पाच-चाळीसच भरून दिलं. घरी येईपर्यंत मी एकटीच बडबडत होते. हट्टी म्हातारा! स्वतःचं खरं करण्यासाठी इंजिनाचा जीव घ्यायला निघाला! मला खात्रीच पटली होती की हे मुद्दाम केलं. पातळ ऑइल वाईट आहे हे सिद्ध करायला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचा ट्रक मारतो, आणि आपली पोरगी खोटी पडली की चहा गोड लागतो!

बाबा अंगणातच होते. मी गाडीतून उडी मारली, बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढली, पुसली, परत घातली, ओढली आणि त्यांच्यापुढे धरली. घरचा कायदा गेला खड्ड्यात.

"सांगा. किती आहे?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली. एका हाताने पट्टी धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या टोकावर ठेवून हळूहळू वर सरकवत नेला. त्यांची मान दुसरीकडेच होती, फाटकाकडे, कोणी हाक मारली तर ऐकू यावी अशी. अंगठा खालच्या खुणेवरून गेला, वरच्या खुणेवरून गेला आणि कुठेच थांबला नाही.

"कमी आहे," ते म्हणाले. "टोकालाच आहे थोडं. डबा आण."

पट्टी वरच्या खुणेपर्यंत चकचकीत भिजलेली होती. मला लांबून दिसत होती.

"अंगठ्याने नाही, बाबा. डोळ्यांनी बघा."

त्यांनी पट्टी परत माझ्या हातात दिली.

"बघा ना! दोन बादल्या निघाल्या मिस्त्रीकडे! उद्या फेरी जाणार होती आपली! एवढासा नट उघडला म्हणून वाचलो. डोळ्यांनी बघायला काय होतं तुम्हाला?"

"डोळ्यांनी दिसलं असतं," बाबा म्हणाले, "तर गाडी सोडली असती का मी?"

आई दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते बघून मला आणखीच राग आला.

"कंबर?" मी विचारलं.

"कंबर धडधाकट आहे." बाबांनी अंगठा फडक्याला पुसला. "दाट ऑइल अंगठ्याला कळायचं. जिथं सुरू होतं तिथं चिकटायचं. तुझं हे पातळ, कुठं आहे आणि कुठं नाही काही समजत नाही. मला वाटलं, पितंय इंजिन. खरंच वाटलं."

इतकी वर्षं हा माणूस अंगठ्याने ट्रक सांभाळत होता आणि मी आत घोरत पडलेली असायची. रडू येत होतं, पण राग जास्त होता, म्हणून रागच बाहेर आला.

"अहो, मोतीबिंदू असेल! छोटंसं ऑपरेशन असतं, लोक सकाळी जातात आणि संध्याकाळी घरी येतात. शहरात डोळ्यांचे डॉक्टर बसतात, मी रोज त्यांच्या दारावरून दूध नेते. एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही—"

"आणि नसला तर?"

"काय नसला तर?"

"मोतीबिंदू नसला तर?" बाबा म्हणाले. "डॉक्टरने बघितलं नाही तोवर मोतीबिंदूच आहे. बघितल्यावर दुसरं काही निघालं, तर मग मी कुठल्या आशेवर बसू?"

आईने आतून चहा आणला, आणि तो कोणी प्यायलं नाही.

संध्याकाळी निघताना मी क्लीनरच्या बाजूचं दार उघडं ठेवून इंजिन सुरू न करता बसून राहिले. बराच वेळ. आई म्हणाली, जा ना, उशीर होतोय. मी म्हटलं, एक माणूस यायचाय. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी उठले. काठी टेकत आले आणि दाराची कड चाचपून, पाय अचूक पायरीवर ठेवून वर चढले. त्या पायरीसाठी त्यांना डोळे लागत नव्हते.

"डॉक्टरचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले.

"नाही काढत. पण सकाळी दूध उतरवलं की त्यांच्या दारात गाडी थांबेल. उतरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

"थांबायला जागा नसते तिथं."

"दुधाच्या गाडीला असते."

सकाळी डेअरीच्या आवारात सगळं पांढरं होतं. कॅन चढले. मॅनेजर मफलर गुंडाळून बरोबर सायलेन्सरच्या मागे येऊन उभा राहिला, जणू परीक्षा घ्यायला. बाबा माझ्या शेजारी कांबळं पांघरून ताठ बसले होते. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं आणि थोडं खरखरून एका लयीत आलं. बाबांनी डोकं तिरकं केलं आणि बराच वेळ ऐकलं.

"वरपर्यंत पोचलं," ते म्हणाले. "लवकर पोचतं हे तुझं."

"तक्त्यात तसंच लिहिलंय."

"तक्ता राहू दे. धूर कसला आहे?"

मी आरशात बघितलं. थंडीत वाफ निघते तेवढी निघत होती, तीही विरत होती. मॅनेजर मागून बाजूला झाला आणि त्याने जा म्हणून हात हलवला.

"नाहीये धूर."

"खरं सांगतेस ना?"

"बाबा, खोटं बोलायच्या बाबतीत मी तुमच्यावर गेलेली नाही."

ते पहिल्यांदा हसले. मी गिअर टाकला. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, अगदी सहज, पुढचं वळण कुठल्या बाजूला आहे असं विचारावं तसं:

"तो डॉक्टर काय सांगेल ते तूही तिथं उभी राहून ऐकशील ना?"

"ऐकेन," मी म्हटलं, आणि घाट उतरायला लागले.